वाचकांचे प्रश्न : कोन्याक आणि कडू नारिंगाची लिकर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. कोन्याक (द्राक्षांच्या वाइनपासून काढून पिंपात मुरवलेले फ्रेंच मद्य) आणि कडू नारिंगाच्या सालीचा अर्क यांच्या मिश्रणातून तयार होणारी ‘ग्रां मार्निए’ ही फ्रेंच लिकर, म्हणजे गोड सुगंधी मद्य, आणि त्यातही तिचे दीर्घकाळ मुरवलेले महागडे प्रकार, हा तो विषय. प्रश्न नेमके आणि मनापासून विचारलेले असल्यामुळे संपूर्ण स्तंभ त्यांनाच दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला ग्रां मार्निएच्या ‘क्यूव्हे द्यू सांतनेर’ या लिकरची बाटली भेट दिली. मी एरवी क्वचितच मद्य घेतो, त्यामुळे ती उघडण्याचा धीर होत नाही. ही लिकर कशी घ्यावी, तिच्यात बर्फ घालावा का आणि पेला कोणता वापरावा, हे सविस्तर सांगावे.

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांनी विचारपूर्वक निवड केलेली दिसते. ग्रां मार्निए बनवणाऱ्या मार्निए-लापोस्तोल घराण्याच्या व्यवसायाला १९२७ साली १०० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने ही लिकर प्रथम तयार करण्यात आली. तिच्यात वापरलेले कोन्याक ओकच्या पिंपांत दीर्घकाळ मुरलेले असते, आणि त्या मुरण्याचीच किंमत बाटलीवर लागलेली असते. बर्फ, सोडा किंवा फळांचा रस घातल्यास नेमके तेच झाकले जाते. म्हणून ही लिकर निदान पहिल्या वेळी तरी काहीही न मिसळता घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

पेल्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. कोन्याक म्हटले की मोठ्या फुग्यासारखा, तळहातात मावणारा रुंद पेला डोळ्यांसमोर येतो. दिसायला तो भारदस्त असला, तरी त्याच्या रुंद पृष्ठभागावरून अल्कोहोल भराभर उडते आणि नाक जवळ नेताच आधी त्याचाच झणका बसतो. त्यापेक्षा खाली थोडा फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा, ट्यूलिपच्या आकाराचा छोटा पेला अधिक योग्य, कारण त्यात नाजूक वास काठापाशी एकवटतात. असा पेला घरात नसेल, तर पांढऱ्या वाइनसाठी वापरला जाणारा लहान पेलाही चालेल. त्यात २५ ते ३० मिलिलिटरपेक्षा अधिक ओतू नये. पेल्याचा बराचसा भाग रिकामा राहिला तरच वासाला जागा मिळते.

लिकर १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानाला असावी. पेला मेणबत्तीवर किंवा गरम पाण्यात तापवण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही, कारण उष्णतेने अल्कोहोल आणि नारिंगाचे हलके सुगंध दोन्ही एकदम उडून जातात आणि मागे उरतो तो जड गोडवा. ओतल्यानंतर चार-पाच मिनिटे पेला तसाच ठेवावा. मग तो हलकेच फिरवून पाहावे : साखर आणि अल्कोहोल या दोहोंमुळे काचेवर जाडसर धारा तयार होतात आणि सावकाश खाली उतरतात.

आता हुंगण्याकडे वळू, कारण या लिकरचा निम्म्याहून अधिक आनंद त्यातच आहे. पेला प्रथम हनुवटीच्या पातळीवर धरावा आणि तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा, म्हणजे अल्कोहोलचा मारा जाणवत नाही. पहिल्यांदा येतो तो नारिंगाच्या सालीचा वास. तो फळाच्या रसाचा नसून साल दुमडल्यावर जी बारीक फवार उडते तिच्यासारखा, थोडा हिरवट आणि तिखट असतो. पेला हळूहळू जवळ आणत गेल्यावर त्याच्याखालून व्हॅनिला, सुकवलेले जर्दाळू, मध आणि जुन्या लाकडाचा वास वर येऊ लागतो. हे दुसरे थर कोन्याकचे आणि ओकचे आहेत.

पहिला घोट अगदी लहान, केवळ जीभ ओली होईल एवढाच घ्यावा. त्यावरून काहीही मत बनवू नये, कारण ४० टक्के अल्कोहोलची तोंडाला सवय होण्यासाठीच तो असतो. दुसरा घोट काही क्षण जिभेवर ठेवून मग गिळावा आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडावा. घशामागून नाकात चढणारा हा वास पेला हुंगून मिळणाऱ्या वासापेक्षा वेगळा असतो. सालीचा कडवटपणा, ओकचा तुरटपणा आणि साखरेचा गोडवा यांचा मेळ कसा बसला आहे, हे तिथे कळते. चांगल्या लिकरमध्ये गोडवा आधी ओसरतो आणि कडवट चव मागे रेंगाळते. याच्या उलट घडत असेल, म्हणजे ओठांवर नुसता पाक उरत असेल, तर ती लिकर साधारण प्रतीची समजावी.

पेला रिकामा झाल्यावर लगेच धुऊ नये. पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा हुंगला, तर नारिंगाचा गंध बहुतेक नाहीसा झालेला आढळेल आणि कोरडा, लाकडी, किंचित मसालेदार वास उरलेला असेल. सालीतील सुगंधी द्रव्ये लवकर उडतात आणि पिंपातून आलेली द्रव्ये मागे राहतात, म्हणून असे होते. आपल्या बाटलीत कोन्याक किती चांगले होते, याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

प्रश्न : आपण व्हॅनिला, जर्दाळू, लाकूड असे वास सांगता, मला मात्र कोणतीही नारिंगी लिकर फक्त गोड आणि जळजळीत लागते. माझ्या जिभेत काही उणीव आहे का?

उत्तर : मुळीच नाही. अल्कोहोलची जळजळ ही खरे तर चव नसून तोंडातील उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंची प्रतिक्रिया आहे, आणि साखरेची चव चटकन ओळखू येणारी आहे. या दोन ठळक संवेदनांच्या मागे उरलेले सारे दडून बसते. ते वेगळे काढण्यासाठी तुलना हाच मार्ग आहे. एकटा पेला समोर ठेवून कितीही एकाग्र झाले, तरी फारसे हाती लागत नाही.

एका पेल्यात लिकर, दुसऱ्यात थोडेसे साधे कोन्याक आणि बशीत नारिंगाच्या सालीचा ताजा तुकडा घ्यावा. सालीचा रंगीत भाग बाहेर राहील अशा रीतीने तुकडा दोन बोटांत दाबला, की त्यातील तेलाच्या पिशव्या फुटतात. तो वास घ्यावा, मग कोन्याकचा घ्यावा आणि त्यानंतर लिकरचा. सालीतील तेलाचा फार मोठा भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो, परंतु कडू नारिंगाला त्याचा फुलांसारखा, किंचित औषधी गंध देणारी इतर द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. ती एकदा ओळखीची झाली, की लिकरमध्ये आपोआप सापडू लागतात.

याखेरीज लिकरमध्ये खोलीच्या तापमानाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून पाहावे. जळजळ कमी होते आणि वास मोकळे होतात. पाणी अधिक झाल्यास काही नारिंगी लिकर दुधाळ दिसू लागतात. क्वांत्रो या रंगहीन नारिंगी लिकरमध्ये तर हे स्पष्टपणे दिसते. सालीचे तेल अल्कोहोलमध्ये विरघळते पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्कोहोलचे प्रमाण उतरताच तेलाचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि प्रकाश विखुरतात. त्यात बिघाड काही नाही. तेल भरपूर असल्याची ती खूण आहे.

प्रश्न : क्यूरासाओ, ट्रिपल सेक, क्वांत्रो आणि ग्रां मार्निए या सर्व नारिंगाच्याच लिकर आहेत. मग कोन्याकवर आधारलेली लिकर वेगळी आणि महाग का समजली जाते?

उत्तर : या सर्वांचे मूळ कॅरिबियन समुद्रातील क्यूरासाओ बेटाशी जोडले जाते. स्पॅनिश लोकांनी तिथे नेऊन लावलेली गोड नारिंगे कोरड्या हवेत आणि निकृष्ट जमिनीत नीट पोसली गेली नाहीत; फळ कडू आणि खाण्यास निरुपयोगी झाले, पण त्याच्या सुकवलेल्या सालीला अप्रतिम सुगंध होता. या फळाला तिथे ‘लाराहा’ म्हणतात. साल मद्यात भिजवून लिकर करण्याची रीत युरोपात पसरली आणि एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तिचे अनेक प्रकार झाले. सोम्युर येथील कोंबिए यांची ट्रिपल सेक १८३४ ची, तर आंजे येथील क्वांत्रो १८७५ ची मानली जाते. या दोन्ही रंगहीन आणि स्वच्छ चवीच्या असतात, कारण त्यांचे मूळ मद्य स्वतःचा वास नसलेले असते. त्यांत नारिंगाशिवाय दुसरे कोणी बोलत नाही, आणि तोच त्यांचा गुण आहे.

ग्रां मार्निएची वाट निराळी आहे. पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या गावात जां-बाप्तिस्त लापोस्तोल यांनी १८२७ मध्ये मद्यार्काचा कारखाना काढला. त्यांच्या नातीशी विवाह झालेले लुई-अलेक्सांद्र मार्निए यांनी १८८० मध्ये कोन्याक आणि कडू नारिंगाचा अर्क एकत्र केला. त्या काळी कोन्याक हे स्वतंत्रपणे मानाने घेतले जाणारे मद्य होते आणि नारिंग ही दूरवरून येणारी अपूर्वाईची वस्तू. दोन्ही एका बाटलीत आणणे हे धाडसच होते. हॉटेल व्यवसायातील नामवंत सेझार रित्झ यांनी या लिकरचे नाव सुचवले, असे परंपरेने सांगितले जाते. २०१६ मध्ये ही कंपनी इटलीच्या कांपारी समूहाकडे गेली.

महागाईचे कारण कोन्याकमध्ये आहे. फ्रान्सच्या पश्चिमेकडील, मुख्यतः शारांत आणि शारांत-मारितीम या भागांतील ठरावीक क्षेत्रातच कोन्याक तयार करता येते. त्यासाठी मुख्यत्वे युनी ब्लां या जातीची पांढरी द्राक्षे वापरतात. त्यांची वाइन आंबट आणि सौम्य असते, तशी पिण्यास ती फारशी रुचकर नसते, परंतु हाच आंबटपणा आणि हाच सौम्यपणा ऊर्ध्वपातनासाठी उत्तम ठरतो. तांब्याच्या भट्टीतून ती दोनदा काढली जाते. पहिल्या फेरीत साधारण ३० टक्के अल्कोहोलचा गढूळ द्रव मिळतो, दुसऱ्या फेरीत आरंभीचा व शेवटचा भाग बाजूला काढून मधला तेवढा ठेवतात आणि तो ७० टक्क्यांच्या आसपास असतो. सुगीनंतरचे हे सारे काम ३१ मार्चच्या आत उरकावेच लागते, असा नियम आहे. एक लिटर कोन्याकसाठी साधारण ९ लिटर वाइन लागते, आणि पिंपात ठेवलेल्या साठ्यातून दरवर्षी सुमारे २ टक्के भाग हवेत उडून जातो. जितकी वर्षे अधिक, तितके हाती उरणारे मद्य कमी.

सालीचे कामही सोपे नाही. फळे हिरवी असतानाच उतरवतात, कारण त्या अवस्थेत साल अधिक सुगंधी असते. साल सोलून उन्हात वाळवतात, मग स्वादहीन मद्यार्कात भिजत घालतात आणि त्याचे सावकाश ऊर्ध्वपातन करतात. या अर्कात साखर व कोन्याक मिसळल्यावर जी लिकर होते, तिच्यात जुने आणि ताजे असे परस्परविरोधी गुण एकत्र नांदत असतात. कोन्याकला काळ लागतो. नारिंगाचा गंध मात्र काळाने फिका पडतो. या दोघांना एका घोटात सांभाळणे हीच मिश्रण करणाऱ्याची खरी कसोटी आहे, आणि माझ्या दृष्टीने या लिकरचे मोठेपण त्यातच आहे.

प्रश्न : ग्रां मार्निएची लाल फितीची नेहमीची बाटली आणि तिच्या कितीतरी पट किंमत असलेले प्रकार यांत खरोखर फरक आहे, की केवळ बाटली आणि नाव यांचे पैसे घेतले जातात?

उत्तर : फरक निश्चित आहे, पण महाग म्हणजे प्रत्येक प्रसंगी अधिक चांगली, असे समीकरण मांडता येणार नाही. लाल फितीच्या ‘कोर्दों रूज’मध्ये ५१ टक्के कोन्याक आणि ४९ टक्के नारिंगाची लिकर असते, म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ समान. वरच्या प्रकारांत कोन्याकचे प्रमाण वाढत जाते आणि त्याचे वयही. ‘क्यूव्हे १८८०’ या प्रकारात कोन्याकचा वाटा ९१ टक्के आहे आणि नारिंगासाठी केवळ ९ टक्के जागा उरते. तिथे नारिंग पाहुण्यासारखे येते आणि घर कोन्याकचेच असते.

कोन्याकच्या वयाविषयी बाटल्यांवर जी अक्षरे आढळतात, त्यांचा अर्थ ठरलेला आहे. मिश्रणातील सर्वांत कोवळे कोन्याक निदान २ वर्षे पिंपात राहिले असेल तर ‘व्हीएस’, ४ वर्षे राहिले असेल तर ‘व्हीएसओपी’ आणि १० वर्षे राहिले असेल तर ‘एक्सओ’ असे लिहिता येते. ‘एक्सओ’साठीची मर्यादा पूर्वी ६ वर्षांची होती, ती २०१८ मध्ये वाढवण्यात आली. ‘ग्रांद शांपान्य’ हा शब्दही लेबलवर दिसतो. त्याचा फेसाळत्या वाइनशी संबंध नाही; कोन्याक क्षेत्रातील सहा विभागांपैकी तो सर्वांत प्रतिष्ठित विभाग असून तिथल्या खडूमिश्रित जमिनीतील द्राक्षांचे कोन्याक मुरायला वेळ घेते, पण मुरल्यावर फार नाजूक होते. दीर्घकाळ पिंपात राहिलेल्या अशा कोन्याकला अक्रोड, सुकवलेले अळंबे आणि जुने चामडे यांची आठवण करून देणारा एक गंध येतो. कोन्याकचे जाणकार त्याला ‘रांसिओ’ म्हणतात आणि त्याच्यासाठीच बहुतेक लोक एवढी किंमत मोजतात.

बाटलीचा थाट हाही किमतीचा भाग असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. १९७७ मध्ये व्यवसायाला १५० वर्षे झाली तेव्हा काढलेल्या ‘क्यूव्हे द्यू सां सँकांतनेर’ या लिकरच्या बाटलीवर हाताने रंगवलेली फुलांची नक्षी आहे, आणि ती सुंदरच आहे. मात्र आपल्याला नारिंगाचा ठसठशीत, रसरशीत गंध प्रिय असेल, तर अतिजुन्या कोन्याकच्या लिकरने आपली निराशा होण्याची शक्यता आहे. तिच्यात लाकूड आणि सुकामेवा पुढे असतो आणि नारिंग मागून डोकावते. अशा वाचकांनी लाल फितीच्याच बाटलीत समाधान मानावे आणि त्यात कोणताही कमीपणा वाटून घेऊ नये. कोन्याक आधीपासून आवडणाऱ्यांसाठी मात्र वरचे प्रकार आहेत. त्यांना तिथे पैशांचे चीज झालेले दिसेल.

कॉकटेलचा विचार केला, तर माझे मत स्पष्ट आहे. साइडकारसारख्या लिंबाचा रस असलेल्या पेयात लाल फितीची लिकर शोभते. पंचवीस-तीस वर्षांच्या कोन्याकचे बारकावे लिंबाच्या आंबटपणापुढे टिकत नाहीत, त्यामुळे महाग प्रकार त्यात घालणे हा निव्वळ अपव्यय होय. लाल फितीची लिकर उन्हाळ्यात एका मोठ्या बर्फाच्या खड्यावर घेण्यासही माझी हरकत नाही, कारण थंडाव्याने तिचा गोडवा सौम्य होतो आणि कडवटपणा टवटवीत लागतो.

प्रश्न : ‘क्रेप सुझेत’ (नारिंगाच्या गोड सॉसमधील पातळ फ्रेंच धिरडी) करताना कोणती नारिंगी लिकर वापरावी आणि ती पेटवणे आवश्यक आहे का?

उत्तर : कोन्याकवर आधारलेली लाल फितीची लिकर यासाठी उत्कृष्ट आहे, कारण लोणी आणि जळलेल्या साखरेच्या चवीशी ओकचा स्वाद चांगला जुळतो. पेटवल्याने सारे अल्कोहोल जळून जाते, हा समज चुकीचा आहे; बराचसा भाग पदार्थात राहतोच, त्यामुळे मद्य वर्ज्य असलेल्यांना तो वाढू नये. ज्वाळेमुळे वरच्या साखरेला खमंगपणा येतो, हे खरे, पण लिकर नुसती दोन मिनिटे उकळू दिली तरी पदार्थ उत्तम होतो. पेटवायचीच असेल, तर बाटलीतून थेट तव्यावर कधीही ओतू नये, कारण ज्वाळा धारेवरून बाटलीत शिरू शकते. लागेल तेवढी लिकर आधी लहान भांड्यात काढून बाटली दूर ठेवावी, वरचा पंखा बंद करावा, मोकळे केस आणि सैल बाह्या आवराव्यात आणि आच बंद करून मगच लांब काडीने पेटवावे.

सुफ्लेसाठी किंवा क्रीमसाठी वापरणार असाल, तर लिकर अगदी शेवटी घालावी. आधी घातल्यास तिचा सालीचा वास उष्णतेने उडून जातो.

प्रश्न : दुकानातील लिकर महाग पडते. नारिंगाची साल कोन्याकमध्ये भिजवून घरीच अशी लिकर करता येईल का?

उत्तर : भिजवून केलेली लिकर घरी अवश्य करता येते आणि ती रुचकरही होते, मात्र ऊर्ध्वपातन घरी करण्याचा विचारही करू नये. ते अनेक देशांत कायद्याने निषिद्ध आहे आणि आगीच्या दृष्टीने अत्यंत धोकादायक आहे. साध्या प्रतीचे, पण पिण्याजोगे कोन्याक घ्यावे. रसायने किंवा मेण न लावलेल्या नारिंगांची साल धारदार सुरीने इतकी पातळ काढावी, की आतला पांढरा भाग तिच्याबरोबर येणार नाही. नको असलेला जड कडवटपणा त्या पांढऱ्या भागातच असतो. कडू नारिंगे मिळाली तर त्यांचीच साल घ्यावी आणि थोडा भाग वाळवून वापरावा, म्हणजे ताजा आणि सुका असे दोन्ही गंध उतरतात.

साल कोन्याकमध्ये बुडवून बरणी अंधारात ठेवावी आणि तिसऱ्या दिवसापासून रोज चव पाहावी. वास पुरेसा उतरला, की साल लगेच काढून टाकावी; अधिक दिवस ठेवल्याने सुगंध वाढत नाही, नुसता कडूपणा वाढतो. मग गार झालेला साखरेचा घट्ट पाक थोडा थोडा घालत जावे. युरोपीय नियमांनुसार लिकर म्हणवण्यासाठी बहुतेक प्रकारांत लिटरमागे निदान १०० ग्रॅम साखर लागते, त्यामुळे आरंभ तिथून करावा आणि पुढे आपल्या जिभेचे ऐकावे. ही लिकर कारखान्यातल्यासारखी नितळ होणार नाही आणि तिच्यात तो नेटकेपणाही येणार नाही, कारण कारखान्यात सालीचा अर्क ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेला असतो.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्याही चालू आहेत. जेवणानंतर लहान पेलाभर लिकर घेतल्यास चालेल का?

उत्तर : याचे उत्तर आपल्या डॉक्टरांनीच द्यावे, आणि त्यांना विचारल्याशिवाय आपण ही लिकर घेऊ नये. तिच्यात साखर आणि अल्कोहोल दोन्ही भरपूर असतात. साखरेने रक्तातील शर्करा वाढते, तर मधुमेहाच्या काही औषधांबरोबर अल्कोहोल घेतल्यास ती काही तासांनी धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि ही लक्षणे पुष्कळदा नशेची समजून दुर्लक्षिली जातात. अल्कोहोल कोणत्याही प्रमाणात पूर्णपणे निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. ३० मिलिलिटर लिकरमध्येही सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. गर्भवती स्त्रियांनी आणि वाहन चालवणार असलेल्यांनी ती मुळीच घेऊ नये.

प्रश्न : या लिकरबरोबर काय खावे?

उत्तर : फारसे काही खाऊ नये. ती स्वतःच गोड असल्याने तिच्याहून गोड पदार्थ बरोबर असला तर ती पाणचट आणि कडू लागते. सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक कोको असलेल्या कडू चॉकलेटचा लहान तुकडा किंवा न खारवलेले भाजलेले बदाम एवढे पुरे. कॉफी तिच्याबरोबर नव्हे, तर तिच्याआधी घ्यावी; कॉफीच्या भाजक्या वासापुढे सालीचा गंध उरत नाही.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात अर्धी भरलेली, बरीच वर्षे उघडलेली नारिंगी कोन्याक लिकरची बाटली सापडली. झाकणापाशी पांढरे खडे जमले आहेत. ती खराब झाली असेल का?

उत्तर : ४० टक्के अल्कोहोल आणि एवढी साखर असलेल्या द्रवात जंतू वाढत नाहीत, त्यामुळे ती नासलेली असण्याची शक्यता फार कमी आहे. पांढरे खडे बहुतेक साखरेचे असतील. ओतताना तोंडाशी राहिलेल्या थेंबांतील पाणी आणि अल्कोहोल उडून गेले, की साखर तशी जमते. कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने ती पुसून काढता येते.

चवीविषयी मात्र अशी खात्री देता येत नाही. अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा भरपूर असते आणि तिच्यातील प्राणवायूने सालीच्या तेलातील द्रव्ये बदलत जातात. ताज्या नारिंगाऐवजी शिळ्या मुरंब्यासारखा किंवा रंगासारखा वास येऊ लागतो. बाटली उजेडात राहिली असेल, तर हे अधिक वेगाने घडते. म्हणून थोडी लिकर पेल्यात काढून आधी नीट हुंगावी. सालीचा वास मंदावला असला पण कोन्याकचा स्वाद शाबूत असेल, तर ती पिण्यास हरकत नाही, आणि केकमध्ये किंवा सुक्या फळांना भिजवण्यासाठी तर ती उत्तमच आहे. रंगासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल, तर मात्र टाकून द्यावी.

यापुढे ती बाटली उभीच ठेवावी. वाइनप्रमाणे आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोलने बूच झिजते आणि त्याचा वास लिकरमध्ये उतरतो. फ्रिजची गरज नाही. उजेड आणि उष्णता यांपासून दूर असलेले कपाट पुरेसे आहे. लिकर थोडीच उरली असेल, तर ती लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी. बूच घट्ट बसले असेल, तर जोर लावून पिळू नये, नाहीतर जुने बूच मधेच तुटते. तोंडाभोवती कोमट ओले फडके काही मिनिटे गुंडाळून साखर विरघळू द्यावी आणि मग बूच सावकाश फिरवून काढावे.